संकटकाळातील तोतये : भीतीचा फायदा घेणाऱ्या दूरध्वनींविषयी

देशावर साथीचे, युद्धाचे किंवा नैसर्गिक आपत्तीचे संकट कोसळले म्हणजे त्या संकटाचेच नाव घेऊन दूरध्वनीवरून लोकांना लुबाडणारे भामटे पुढे सरसावतात. कधी ते बँकेचे अधिकारी होतात, कधी आरोग्य खात्याचे कर्मचारी, तर कधी पोलीस. गेल्या काही वर्षांत भारताने हे प्रकार मोठ्या प्रमाणावर अनुभवले आणि कोल्हापूर जिल्हाही त्यास अपवाद ठरला नाही. या फसवणुकीचे स्वरूप, तिची कार्यपद्धती आणि बचावाचे मार्ग यांची माहिती वाचकांच्या सोयीसाठी येथे एकत्र देत आहोत.

जुनी युक्ती, नवे साधन

संकटाच्या वेळी तोतये निर्माण होणे ही महाराष्ट्राला अपरिचित गोष्ट नाही. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु ते जिवंत असावेत ही आशा अनेकांच्या मनात रेंगाळत राहिली. त्या आशेचा आधार घेऊन भाऊसाहेब म्हणून वावरणाऱ्या एका तोतयाने १७७६ मध्ये कोकणात बंड उभारले व काही किल्लेही ताब्यात घेतले. पुढे त्याला पकडून देहदंड देण्यात आला. शोक, भीती आणि आशा यांनी व्याकूळ झालेले मन खऱ्या-खोट्याची पारख करण्यात उणे पडते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले. आजचा तोतया घोड्यावरून येत नाही, तो खिशातल्या फोनमधून बोलतो, एवढाच फरक.

महामारीच्या काळातील प्रकार

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. पुढच्या काही दिवसांतच फसवणुकीचे पहिले प्रकार समोर आले. पंतप्रधानांच्या नावे 'पीएम केअर्स' निधी जाहीर होताच त्याच्या खऱ्या यूपीआय पत्त्यातील एकच इंग्रजी अक्षर गाळून बनावट पत्ता तयार करण्यात आला. देणगी देणाऱ्याचा हेतू निर्मळ होता. नजरचुकीने सुटलेल्या एका अक्षराने ती देणगी चोराच्या हाती जाऊ शकत होती.

त्याच सुमारास, २७ मार्च २०२० रोजी, रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली. लगेच "आम्ही बँकेतून बोलतो, हप्ता लांबणीवर टाकण्यासाठी फोनवर आलेला ओटीपी सांगा" असे फोन सुरू झाले. कामधंदा बंद पडलेल्या माणसाला असा फोन म्हणजे दिलासाच वाटे. ओटीपी सांगताच खाते रिकामे होई.

१६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरणास आरंभ झाला. त्याच्या आधीपासूनच नावनोंदणीच्या बहाण्याने आधार क्रमांक व ओटीपी विचारणारे फोन येऊ लागले होते. वर्षभराने, जानेवारी २०२२ मध्ये ज्येष्ठांसाठी खबरदारीची मात्रा सुरू झाली, तेव्हा हीच युक्ती नव्याने वापरली गेली. परदेशातही चित्र निराळे नव्हते. ब्रिटनमध्ये लशीच्या नावाने आणि अमेरिकेत सरकारी साहाय्याच्या नावाने बँकेचा तपशील उकळण्यात आला.

सर्वांत क्रूर प्रकार एप्रिल व मे २०२१ मधील दुसऱ्या लाटेत घडला. रुग्णालयांत खाटा नव्हत्या. प्राणवायूचे सिलिंडर आणि रेमडेसिव्हिर इंजेक्शन यांसाठी नातेवाईक वणवण फिरत होते. मदतीच्या हेतूने पुरवठादारांचे क्रमांक लोक एकमेकांना पाठवीत होते. त्या याद्यांत भामट्यांनी आपले क्रमांक घुसवले. "आधी पैसे पाठवा, दोन तासांत सिलिंडर पोहोचेल" असे सांगून रक्कम घेतली जाई आणि नंतर फोन बंद लागे. येथे पैशांपेक्षाही मोठी हानी होती ती वेळेची. ज्या दोन तासांत नातेवाईक दुसरीकडे धावले असते, ते दोन तास वाट पाहण्यात जात. कोल्हापुरात तर राज्यातील बहुतेक जिल्ह्यांत लाट ओसरू लागल्यावरही, जून २०२१ मध्ये, रुग्णसंख्या चढीच होती. त्यामुळे येथील कुटुंबांच्या जिवाचा घोर अधिक काळ टिकला.

युद्धाची छाया

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे पर्यटकांवर हल्ला झाला. त्यानंतर काही दिवसांतच, सैन्याच्या आधुनिकीकरणासाठी प्रत्येकाने रोज एक रुपया द्यावा, असा संदेश बँक खात्याच्या तपशिलासह व्हॉट्सॲपवर फिरू लागला. संरक्षण मंत्रालयाने तो दिशाभूल करणारा असून त्यातील खात्याचा तपशील चुकीचा असल्याचे जाहीर केले. सैनिक टाकळीसारखी गावे ज्या जिल्ह्यात आहेत, तेथे जवानांसाठी हात आखडता घेणे कोणाला जमणार? नेमकी हीच सद्भावना अशा संदेशांना पाय फोडते.

यापुढचा प्रकार अधिक भयंकर आहे. "तुमच्या आधार कार्डाचा वापर दहशतवाद्यांनी केला आहे, तुमच्यावर गुन्हा दाखल झाला आहे" असे सांगून तोतया अधिकारी व्हिडिओ कॉलवर गणवेशात दिसतात आणि ज्येष्ठ नागरिकांना दिवसचे दिवस फोनसमोर बसवून ठेवतात. यालाच 'डिजिटल अटक' म्हणतात. भारतीय कायद्यात अशी कोणतीही अटक नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात' मध्ये स्पष्ट केले होते. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपविला. कोल्हापुरातही निवृत्त मंडळींनी आयुष्यभराची पुंजी याच पद्धतीने गमावल्याचे गुन्हे नोंदले गेले आहेत.

फसवणूक कशी घडते

या सर्व प्रकारांचा सांगाडा एकच आहे. प्रथम अधिकाराचा आव आणला जातो. नंतर घाई केली जाते : "आत्ताच, नाहीतर उशीर होईल." तिसरी पायरी गुप्ततेची : "घरात कोणाला सांगू नका." शेवटी ओटीपी, पिन, एखादे ॲप उतरवून घेणे किंवा थेट रक्कम पाठवणे, यांपैकी एक मागणी येते. पैसे भाड्याने घेतलेल्या परक्या खात्यांत जातात आणि तेथून काही मिनिटांत पुढे वळवले जातात.

फसलेला माणूस अडाणी असतो, हा समज चुकीचा आहे. प्राध्यापक, डॉक्टर, अभियंते यांचीही फसवणूक झाली आहे. एरवी अनोळखी फोन संशयास्पद वाटतो. संकटात मात्र तशाच फोनची आपण वाट पाहत असतो. लशीचा, हप्त्याचा, सिलिंडरचा फोन अपेक्षितच असतो. संशयाची जागा अपेक्षेने घेतली की भामट्याचे निम्मे काम झालेले असते.

बचावाचा नियम

पंचगंगेला २०१९ आणि २०२१ मध्ये महापूर आला, तेव्हा पाण्याविषयी शेकडो अफवा उठल्या. तरीही जाणता कोल्हापूरकर एकच विचारत होता : राजाराम बंधाऱ्यावर पातळी किती? तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी ठरलेली आहे. फोनच्या बाबतीतही असाच ठाम बंधारा हवा. आलेल्या फोनवर व्यवहार करू नये. तो बंद करून, पासबुकावर, कार्डाच्या मागे किंवा अधिकृत संकेतस्थळावर छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा.

याखेरीज पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. ओटीपी व पिन कोणत्याही बँकेला वा सरकारी कार्यालयाला फोनवर सांगावा लागत नाही.
२. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.
३. व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलमधून ॲप उतरवून घेऊ नये.
४. देणगी देण्यापूर्वी खात्याचे नाव व पत्ता अक्षर न् अक्षर तपासावा.
५. जो "कोणाला सांगू नका" म्हणतो, त्याच्याविषयी सर्वप्रथम घरच्यांना सांगावे.

पैसे गेलेच तर

तत्काळ १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे. ही व्यवस्था २०२१ मध्ये १५५२६० या क्रमांकावर सुरू झाली. पुढे १९३० हा क्रमांक देण्यात आला. तक्रार वेळेत पोहोचल्यास रक्कम पुढच्या खात्यातच रोखून धरता येते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या नियमांचे तत्त्वही ध्यानात घ्यावे : ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असल्यास बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून येथे प्रत्येक मिनिटाला मोल आहे.

हे मिनिट बहुधा लाजेपायी वाया जाते. मुले रागावतील, शेजारी हसतील, या विचाराने वृद्ध आईवडील गप्प राहतात आणि चोराला पळायला अवधी मिळतो. कुटुंबातील तरुणांनी, तसेच एकाकी ज्येष्ठांच्या भेटीला जाणाऱ्या धर्मग्रामातील कार्यकर्त्यांनी १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या फोनजवळ लावून द्यावा आणि एक शब्द आधीच द्यावा : काहीही घडले तरी आधी आम्हाला सांगा, आम्ही रागावणार नाही.