मौजे भांबुर्डे

आज शिवाजीनगर या नावाने जो भाग सर्वांच्या परिचयाचा आहे, तेथे एके काळी भांबुर्डे नावाचे स्वतंत्र गाव नांदत होते, हे आपल्या तरुण पिढीतील कितीजणांस ठाऊक असेल? कसब्यासमोर, मुठेच्या पैलतीरी वसलेले हे गाव पुण्याचे शेजारी खरे, परंतु पुणे नव्हे. त्याचे शिवार निराळे, पाटीलकी निराळी आणि ग्रामदैवतही निराळे. त्या रोकडोबाचे मंदिर जुन्या गावठाणात आजही उभे आहे.

या भूमीचे प्राचीनत्व पाताळेश्वराच्या लेण्यावरून ध्यानी येते. आठव्या शतकाच्या सुमारास कातळात कोरलेले हे शिवालय आणि त्यापुढील वर्तुळाकार नंदीमंडप पाहून मन थक्क होते. शेजारीच १८९० साली समाधिस्थ झालेल्या जंगली महाराजांचे स्थान आहे.

गावाचे रूप पालटले ते गेल्या शतका-दीड शतकात. १८५८ साली रेल्वे आली. पुढे येथील स्थानकास भांबुर्डे हेच नाव मिळाले. १८९७ च्या प्लेगने पेठांतील दाट वस्तीचा धोका दाखविला आणि नदीपलीकडील मोकळ्या जागेचे मोल वाढले. फर्ग्युसन कॉलेज, शेतकी कॉलेज, १९२८ साली सिमल्याहून आलेली वेधशाळा, अशा संस्था या परिसरात उभ्या राहिल्या. १९२३ साली नवा पूल झाला व कसबा आणि भांबुर्डे यांतील अंतर उरले नाही. १९२८ साली शिल्पकार करमरकरांनी घडविलेला श्रीशिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा येथेच उभारला गेला. महाराजांच्या नावाने गावास नवे नाव लाभले, हे भाग्यच होय. तथापि जेथे ज्वारी-बाजरी डोलत होती, त्या शिवाराची किंमत देऊन शहर मोठे झाले, हेही विसरता कामा नये.

आता भांबुर्डे हे नाव उरले आहे ते मुख्यत्वे सिटी सर्व्हेच्या दप्तरात. १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या घरांबरोबर कितीतरी जुने कागदही वाहून गेले. म्हणून ज्ञातिबांधवांस एवढीच विनंती, की ज्यांच्या घरी जुनी खरेदीखते, सनदा वा छायाचित्रे असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता जपून ठेवावीत. वडीलधाऱ्यांच्या आठवणी वेळीच लिहून घ्याव्यात. गाव शहरात विलीन होते, त्यास इलाज नाही. ते स्मृतीतूनही जाऊ द्यावयाचे की नाही, हे मात्र आपल्या हाती आहे.