उल्हासनगर परिसर : स्थलांतर आणि संस्कृती

ठाणे जिल्ह्यातील कल्याणच्या आग्नेयेचा शहरपट्टा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्करी छावणी होती. १९४७च्या फाळणीने एक कोटीहून अधिक माणसे विस्थापित केली. त्यांपैकी सिंधमधील निर्वासितांना या छावणीच्या रिकाम्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. नाव उल्हास नदीवरून आले. पत्ता मात्र लोक आजही ‘कॅम्प नंबर’नेच सांगतात.

पंजाब व बंगालच्या निर्वासितांना भारतात आपल्या भाषेचा प्रदेश तरी मिळाला. सिंधींना तोही नाही. मग संस्कृती टिकवली ती दुकानाच्या गल्ल्यावर, देवळात आणि स्वयंपाकघरात. चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, सिंधींचे दैवत झुलेलालची मिरवणूक निघते. कडक तळलेले पकवान आणि वर कांदा-चटणी घातलेली हरभऱ्याची डाळ हा सकाळचा नाश्ता आता मराठी शेजारीही आवडीने खातात. १९६७ मध्ये सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, तरी घरात ती बोलणारी नवी पिढी रोडावते आहे. पापड, फर्निचर आणि जीन्स यांचा बाजार मात्र जोरात आहे.

शेजारच्या अंबरनाथला शिलाहारकालीन शिवमंदिर (१०६०) आहे. म्हणजे हा मुलूख निर्वासितांच्या आधी ओसाड होता, हा समज चुकीचा. निर्वासितांनंतरही तो बदलत राहिला: अंबरनाथ व बदलापूर यांच्यामधील चिखलोलीत शेतीच्या जागी कारखाने व इमारती आल्या. कोकण, खानदेश, उत्तर प्रदेशातून माणसे येत राहिली. अंबरनाथ व बदलापूर स्थानकांदरम्यान चिखलोली हे नवे रेल्वे स्थानक नियोजित आहे.