पुलाच्या पोटातला बंधारा

इस्फहानच्या खाजू पुलाचं छायाचित्र पाहिलं की नजर आधी कमानींवर जाते. दोन मजली, टोकदार, ओळीने २३ कमानी आणि मधोमध शहासाठी बांधलेला अष्टकोनी महाल. दुसऱ्या शाह अब्बासने १६५०च्या सुमारास तो जायंदेरूद नदीवर उभारला, तोही एका जुन्या पुलाच्या पायावर. लांबी सुमारे १३३ मीटर, रुंदी १२. शिराजची वाट याच्यावरून जायची. पण त्याची खरी करामत कमानींच्या तळाशी आहे. दगडी खांबांमधल्या अरुंद वाटांना लाकडी दारं बसवायची सोय होती. ती लावली की वरच्या अंगाला पाणी चढे आणि काठच्या बागांकडे वळवता येई. कोल्हापुरी बंधाऱ्यावरून सायकल नेलेल्याला हे वेगळं समजवायला नको: खाली बरगे, वर रस्ता.

हे कूळ मात्र इस्फहानचं नव्हे. ते शोधत गेलं की आपण खूजिस्तानात, कारून नदीकाठच्या शूश्तरला पोहोचतो. इ.स. २६०मध्ये सासानी सम्राट पहिल्या शापूरने एडेसाजवळ रोमन सम्राट व्हॅलेरियनला सैन्यासह पकडलं. त्या कैद्यांकडून शापूरने इथला पूल बांधून घेतला, अशी परंपरा आहे. नावही ‘बंद-ए कैसर’, म्हणजे कैसराचा बांध. फिरदौसीच्या शाहनाम्यातही शापूर हे काम एका रोमन कैद्यावर सोपवतो. लांबी जवळपास अर्धा किलोमीटर, कमानी चाळिसाहून अधिक. इराणात पूल आणि धरण एकाच बांधकामात आणण्याचा हा पहिला मोठा प्रयोग मानतात.

श्रेय कुणाचं, यावर वाद घालणाऱ्यांना मला विचारावंसं वाटतं की बांधाला पाणी कशासाठी हवं होतं. दगड घडवणारे हात रोमन असतील. पण कारूनची पातळी उचलून धरायची, शहराभोवतीच्या कालव्यांना पाणी चढवायचं आणि जमीन भिजवायची, ही निकड त्या कोरड्या मुलखाची होती. कामाची रीतही तशीच मुळापासूनची. नदीचा प्रवाह गरगर कालव्याने बाजूला काढून पात्र उघडं केलं, त्यावर दगडी फरशी घातली आणि मग खांब उभे केले, असं सांगतात. फरशीचे चिरे लोखंडी पट्ट्यांनी एकमेकांत अडकवलेले होते. वाहतं पाणी पायाखालची माती खाऊन पूल पाडतं. फरसबंद पात्रात ते खाणार काय? दहाव्या शतकातले अरब भूगोलकार या फरशीचं नवल करून गेले. तरी १८८५च्या पुराने पुलाचा मोठा भाग नेलाच. उरलेले अवशेष २००९पासून शूश्तरच्या जलव्यवस्थेबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

देज नदीवरचा देजफूलचा पूलही याच सासानी घराण्यातला. खाजूचा थोरला शेजारी सी-ओ-से-पोल मात्र वेगळ्या वळणाचा. अल्लाहवर्दी खान या सरदाराच्या देखरेखीत १५९९ ते १६०२ दरम्यान झालेला, सुमारे ३०० मीटर लांब, ३३ कमानींचा. चहारबागचा रुंद राजरस्ता नदीपार नेणं हे त्याचं मुख्य काम. देखणा आहेच, पण मला खाजू अधिक भावतो, कारण त्याचं देखणेपण कामातून आलंय. प्रवाहाच्या तोंडाला खांब नांगराच्या फाळासारखे टोकदार, खालच्या अंगाला दगडी पायऱ्या. पाणी त्यांवरून आपटत उतरतं आणि त्याचा जोर मोडतो. त्याच पायऱ्यांवर उन्हाळ्याच्या संध्याकाळी गारव्याला माणसं बसतात. कमानींखाली आवाज छान घुमतो, म्हणून हौशी गवय्यांच्या मैफलीही तिथेच जमतात.

या पुलांच्या सांध्यात आहे सारूज: चुना, चिकणमाती आणि राख यांचा कमावलेला गिलावा. तो पाण्यात घट्ट होतो आणि ओल मिळत राहिली तर टिकतो. गेल्या दोन-अडीच दशकांत जायंदेरूद इस्फहानमध्ये वर्षातले कित्येक महिने कोरडी असते. दुष्काळ, शेतीचा आणि कारखान्यांचा उपसा, दुसरीकडे वळवलेलं पाणी, अशी कारणं आहेत. त्यामुळे पुराला पुरून उरलेल्या पायांची काळजी आता वाळण्यामुळे वाहावी लागते. शहराच्या वरच्या अंगाला १९७०च्या सुमारास मोठं धरण झालं. तिथून पाणी सुटलं की इस्फहानकर पुलावर गर्दी करतात; खाजूच्या दारांकडे ते अडवायचं काम उरलेलं नाही.