वाक्यांचे सांधे

पेशवाईंतील एखादा मोडी कागद हातीं आला म्हणजे प्रथम आमच्या डोळ्यांत भरते ती त्याची अखंडता. लिहिणारानें आधीं आडवी रेघ ओढावी, आणि मग शक्य तों लेखणी न उचलतां तिच्याखालीं अक्षरें लटकावीत जावें; शब्द कोठें तुटला, वाक्य कोठें संपलें, याची खूण नाहीं. आजच्या वाचकास असा कागद म्हणजे दार नसलेली भिंत वाटते. परंतु अशाच कागदांवर वतनें दिलीं गेलीं व कज्जे तुटले. मग तो वाचणारा कारकून कशाच्या आधारानें वाचीत असेल?

आमच्या मतें सांधे भाषेंतच होते. मराठींत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटीं येतें. तें आलें कीं वाक्य संपलें. हिंदींतील 'रोको मत जाने दो' या शब्दांत स्वल्पविराम हालवून अर्थ उलटवितां येतो, हें कोडें सर्वांच्या परिचयाचें आहे. मराठींत तें साधत नाहीं. 'थांबवा' व 'थांबवूं नका' हीं रूपेंच निराळीं, आणि 'नका' आपलें क्रियापद सोडून पुढल्याच्या घरीं जात नाहीं.

स्वल्पविरामाचें काम 'ऊन' प्रत्यय करी. 'पत्र पाहून मजकूर ध्यानीं आणून जमाव करून सत्वर यावें' असें लिहिलें, तर चार कामें एका दोऱ्यांत ओंवलीं गेलीं व त्यांचा क्रमहि कळला. दुसऱ्याचें बोलणें सांगावयाचें झाल्यास 'तुम्हीं लिहिलें कीं' येथें तें उघडावें आणि 'म्हणोन' या शब्दानें मिटावें; अवतरणचिन्हांची जोडी याहून अधिक काय करते? पुढें 'ऐशियास' आलें कीं आपलें उत्तर सुरू झालें असें समजावें. राजपत्राच्या अखेरीस मोर्तब उठे. त्यापुढें कोणास अक्षर वाढवितां येत नसे.

छापखाना आला आणि वाचणारा बदलला. दप्तरांत मुरलेल्या कारकुनाच्या जागीं शाळेंतील मूल आलें. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ सालीं निघालें. मोल्सवर्थचे कोशकार्यांतील सहकारी मेजर थॉमस कँडी यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० ची. मराठी वाक्यास थांबावयास शिकविलें तें एका लष्करी गृहस्थानें, ही मौज आहे! हिंदीनें आपला दंड राखला. मराठीनें मात्र टिंब घेतलें.

त्याचा लाभ झाला हें नाकबूल करतां येत नाहीं. १८७४ पासून निघालेल्या 'निबंधमालें'त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं 'जो-तो', 'जरी-तरी' यांच्या कमानी रचून जीं लांबलचक वाक्यें उभीं केलीं, तीं अर्धविरामाच्या टेकूवांचून वाचकास पेलतीं ना. आगरकरांनीं तर १८८८ सालीं वाक्यांच्या पृथक्करणावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. समाजाचे सांधे तपासणाऱ्या गृहस्थास वाक्याचेहि सांधे तपासावेसे वाटले, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.

पण टेकू मिळाला कीं भिंत आळसावते. 'पाऊस थांबला, आम्ही निघालों' असें लिहून हल्लीं पुष्कळ लेखक मोकळे होतात. दोन पुरीं वाक्यें एका स्वल्पविरामानें चिकटविलीं. परंतु पाऊस थांबला म्हणून निघालों, थांबल्यावर निघालों, कीं थांबतांच निघालों, हें वाचकानें ताडावयाचें. बरें, 'ऊन' कोठेंहि लावून भागत नाहीं. 'पाऊस थांबून आम्ही निघालों' हें कानास खटकतें, कारण थांबणारा एक व निघणारे दुसरे. 'ऊन'ला बहुधा एकच कर्ता लागतो. येथें 'थांबल्यावर' हाच खरा सांधा. चिन्ह सांधा दाखवितें, घडवीत नाहीं, घडविणें व्याकरणाकडे.

'कीं'च्या आधीं स्वल्पविराम द्यावा, नंतर द्यावा, कीं मुळींच देऊं नये, याविषयीं छापखान्यांत एकमत दिसत नाहीं. 'कीं' हा स्वतःच सांधा असल्यामुळें तो मुळींच नको, असें आमचें मत आहे. तथापि हा लेख लिहितांना आम्हीं तो दोनदां घातला व दोनदां खोडला.