समुपदेशकाच्या खोलीतही जात चोरायची का?

वर्सोव्यात भाड्याच्या खोलीवर राहणारा आमचा एक तरुण साथी आहे. मूळचा मराठवाड्यातला. मालिकांच्या संकलनाचे काम करतो. गेल्या वर्षी त्याची झोप उडाली. छातीत धडधड व्हायची, कामावर कोणी आवाज चढवला की हात थरथरायचे. शेवटी पैसे साठवून तो एका समुपदेशकाकडे गेला. सहा बैठका झाल्या. एकेका बैठकीला दिवसभराची कमाई गेली. त्यानंतर तो आम्हाला म्हणाला, "दादा, सगळं सांगितलं. वडिलांच्या दारूचं, कर्जाचं, मोडलेल्या लग्नाचं. फक्त जात नाही सांगितली."

आम्ही विचारले, का रे?

"घरमालकाला आडनाव वेगळं सांगितलंय. कामावर कुणाला माहीत नाही. रोज भीती वाटते, आज कळणार. ती भीतीच तर सांगायची होती. पण सांगितलं आणि समोरच्याचा चेहरा बदलला तर?"

मित्रांनो, ज्या ओझ्याने पोराची झोप उडाली तेच ओझे दाराबाहेर ठेवून तो आत जाऊन बसला होता. समुपदेशकाने त्याला श्वासाचे व्यायाम दिले, विचारांची वही लिहायला सांगितली, वडिलांना माफ करायला सांगितले. यातले काहीच वाईट नाही. पण जे सांगितलेच नाही त्यावर इलाज कसा होणार? आणि सांगायची हिंमत होऊ नये अशी ती खोली कोणी आणि कशी घडवली? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे.

आपल्या मराठीत या दुखण्याला शब्द आहे: जात चोरणे. शब्द नीट ऐका. माणुसकी हिरावून घेतली व्यवस्थेने आणि चोर ठरलो आपण. भाषाच जिथे आरोपी ठरवते, तिथे मनात अपराधीपण येणार नाही तर काय येईल?

खोलीसाठी नाव बदलण्याची पाळी खुद्द बाबासाहेबांवर आली होती. १९१७ साली परदेशात शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून राहिले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत त्यांनी ते दिवस लिहून ठेवले आहेत: अडगळीने भरलेला मजला, रात्रीचा अंधार, वटवाघळे, बोलायला कोणी नाही, एकटेपणा विसरण्यासाठी वाचलेली पुस्तके. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही घरी ठेवून घ्यायला नकार दिला. मग मुंबईची गाडी सुटेपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. ही आठवण आली की डोळ्यांत पाणी येते, असे त्यांनी लिहिले आहे. कोलंबियात शिकलेला, पुढे घटना लिहिणारा माणूस हे न लाजता लिहितो. आणि आमच्याकडे काही कार्यकर्ते पोरांना सांगतात की भीमसैनिक रडत नसतो!

याच टिपणांत १९०१ सालचा प्रवासही आहे. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेला लहानगा भीमराव मसूर स्टेशनवर उतरला. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला, गाडीवानाने बैलगाडी त्यांच्याच हाती दिली, रात्रभर पोरांना पाणी मिळाले नाही. त्या प्रसंगाने मनावर न पुसणारा ठसा उमटवला, असे बाबासाहेब म्हणतात. आता योगायोग पाहा. त्याच १९०१ साली ठाण्यात नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचे वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले. सरकारच्या लेखी मनाचे दुखणे म्हणजे भिंतीआड ठेवायचा वेडा. तहानलेल्या पोराच्या मनावरचा ठसा कुठल्याच नोंदवहीत आला नाही.

इंग्रजांनी कुलाब्याला वेड्यांचे इस्पितळ चालवले तेव्हा तिथे गोऱ्यांची सोय वेगळी आणि देशी माणसांची वेगळी होती. १९१२ च्या कायद्याने रस्त्यावर भटकणाऱ्या वेड्याला पकडण्याचा अधिकार पोलिसांना दिला. १९३८ साली जे.जे. रुग्णालयात डॉ. के. के. मसानी यांनी मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला आणि मानसोपचार कोठडीतून दवाखान्यात आला. हे मोठे पाऊल होते, ते आम्ही नाकारत नाही. आमचा प्रश्न पुढचा आहे. दवाखान्यात आलेल्या या शास्त्राने भारतीय मन समजून घेण्यासाठी कोणाकडे पाहिले?

उत्तर नोंदलेले आहे. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांनी पतंजलीच्या योगसूत्रांवर आधारलेली उपचारपद्धत विकसित केली. डॉ. जे. एस. नेकी यांनी १९७३ साली गुरू-चेला नात्यात उपचाराचा नमुना शोधणारा निबंध लिहिला. ही माणसे विद्वान होती, प्रामाणिक होती. पाश्चात्त्य पद्धत जशीच्या तशी चालणार नाही हे त्यांचे म्हणणेही बरोबर होते. पण भारतीयता शोधताना नजर गेली ती पतंजलीकडे आणि गुरूकडे. ज्या देशात गुरूने एकलव्याचा अंगठा मागितला, त्या देशात गुरू-चेला हे नाते सगळ्यांसाठी बरे करणारे कसे ठरेल, हा प्रश्न एकलव्याच्या बाजूने कोण विचारणार होते?

आणि याच काळात, याच मुंबईत, दुसरी नोंदवही भरत होती. १९६३ साली बाबुराव बागूलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला. त्याच्या शीर्षककथेत परगावी कामाला आलेला रेल्वे कामगार खोली मिळावी म्हणून जात लपवतो. उघडे पडण्याची सततची धास्ती, खोट्या मानाने येणारी लाज, आणि शेवटी मार. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले. आम्ही म्हणतो, जातीने मनावर केलेल्या जखमांचा भारतातला सर्वात मोठा दस्तऐवज म्हणजे दलित साहित्य. परळच्या दवाखान्यापासून कामाठीपुऱ्यातली पँथर हाकेच्या अंतरावर होती. पण मानसोपचाराच्या अभ्यासक्रमात 'बलुतं' गेले नाही.

कोणी म्हणेल, साहित्य म्हणजे भावना, पुरावा कुठे आहे? पुरावाही घ्या. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. जात जाहीर केली नाही तेव्हा वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सगळ्यांसमोर जात पुकारली आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. पोरे तीच, डोके तेच. बदलले फक्त एवढेच, की समोरच्याला आपली जात कळली आहे हे पोरांना कळले. मसूर स्टेशनवर नेमके हेच घडले होते.

२०२० साली आशिष गुप्ता आणि डायन कॉफी यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीतले आकडे तपासले. दलित आणि मुस्लिम यांचे मानसिक आरोग्य उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा वाईट दिसले. शिक्षण, मालमत्ता, खर्च यांतला फरक हिशेबात धरूनही ती दरी उरली. म्हणजे 'हा गरिबीचा प्रश्न आहे, जातीचा नाही' ही पळवाट इथे बंद होते. नोकरी लागली, फ्लॅट घेतला, तरी झोप उडालेलीच राहू शकते. वर्सोव्यातल्या आमच्या साथीला हे कोणी सांगितले असते, तर दोष आपल्याच कमकुवत मनाचा आहे असे त्याला वाटले नसते.

२०१४ साली सुरू झालेली मुंबईची पहिली मेट्रो वर्सोव्याहून निघते आणि ११.४ किलोमीटरवर घाटकोपरला संपते. वर्सोवा-अंधेरीच्या बाजूला गल्लोगल्ली समुपदेशकांच्या पाट्या दिसतात. वाटेत साकीनाका लागते. तिथून पवई जवळ. पवईच्या आयआयटीत १२ फेब्रुवारी २०२३ रोजी दर्शन सोळंकी हा पहिल्या वर्षाचा दलित विद्यार्थी गेला. कुटुंबाने जातीय भेदभावाचा आरोप केला. संस्थेच्या समितीने अभ्यासातल्या घसरणीकडे बोट दाखवले. अभ्यास घसरला असेल. पण अभ्यास घसरण्यामागे काय असू शकते, हे त्या भूलभुलैयाच्या प्रयोगाने सतरा वर्षे आधीच दाखवले नव्हते काय?

शेवटचे स्टेशन घाटकोपर. तिथल्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. १० जण ठार झाले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. तो निषेध होता. त्याला आजाराचे नाव देणे हा शाहिराचा अपमान होईल. पण त्या मृत्यूचा गौरव करून थांबणेही आम्हाला मान्य नाही. शाहीर जगायला हवे होते. भोपाळच्या वायुकांडानंतर बंगळूरच्या निम्हान्समधल्या तज्ज्ञांनी तिथल्या डॉक्टरांना मानसिक आघातावरच्या उपचारांचे प्रशिक्षण दिले. वायूने होरपळलेल्यांच्या मनालाही जखम होते हे तेव्हाच मान्य झाले होते. मग गोळीबार पाहिलेल्या वस्तीच्या मनाची विचारपूस हा राज्यकर्त्यांच्या कर्तव्याचा भाग का मानला जात नाही?

आता आपल्याच लोकांचा एक आक्षेप. समुपदेशन म्हणजे अन्यायाशी जुळवून घ्यायला शिकवणे, त्यापेक्षा पोरांना मोर्चात आणा, असे काही साथी म्हणतात. या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. फ्रांझ फॅनन हा कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ १९५३ पासून अल्जेरियातल्या ब्लिदाच्या मनोरुग्णालयात होता. वसाहतीची राजवट माणसाला स्वतःच्याच देशात परके करते, अशा ठिकाणी नुसता उपचार पुरेसा नाही, हे ओळखून त्याने १९५६ साली राजीनामा दिला आणि तो स्वातंत्र्यलढ्यात उतरला. पण त्याआधी त्याने रुग्णांना वाऱ्यावर सोडले नव्हते. त्याच १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मन हेच सर्वाच्या केंद्रस्थानी असल्याचे सांगितले आहे. ज्या धम्माने दुःख आहे हे आधी मान्य केले, त्याच्या अनुयायांनी दुःख सांगणाऱ्याला भित्रा म्हणावे? मोर्चा हवा आणि विचारपूसही हवी. झोप उडालेला कार्यकर्ता किती दिवस लढेल?

तज्ज्ञ महाग आहेत, हे खरे. पण ताजे संशोधन आपल्या बाजूचे आहे. गोव्यात 'संगाथ' संस्थेने मानसोपचाराचे शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. तीव्र नैराश्याच्या रुग्णांना त्यांनी सहा ते आठ बैठका दिल्या. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर पडले होते, फक्त नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' कार्यक्रम झाला. गावातल्याच माणसांमार्फत काम केल्यावर नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. याचा अर्थ, हे काम आपल्या विहारात होऊ शकते. ज्याच्यासमोर जात चोरावी लागत नाही असा माणूस तिथे आधीच बसलेला आहे. त्याला फक्त प्रशिक्षण हवे: ऐकायचे कसे, धोका ओळखायचा कसा, तज्ज्ञाकडे कधी पाठवायचे. दुखणे गंभीर असेल तिथे औषधाला पर्याय नाही. तिथे पालिकेच्या कूपर रुग्णालयात सोबत जायचे.

कायदाही हातात आहे. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ ने जातीवरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक असावा असे निर्देश दिले आणि वंचित समाजातल्या विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यायला सांगितले. आपल्या महाविद्यालयात जाऊन लेखी विचारा: समुपदेशक कोण? जातीविषयी त्याचे प्रशिक्षण काय? आणि रात्री-अपरात्री जीव घाबरला तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. तिथे फोन करण्यात कमीपणा नाही.

आमचा साथी सातव्या बैठकीला गेला. आम्ही त्याला एवढेच सांगितले होते, की पैसे तू देतोस, तर पहिला प्रश्नही तू विचार. त्याने विचारले, "जातीमुळे माणसाचं मन आजारी पडतं, हे तुम्हाला पटतं का?" समुपदेशक थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला याचं शिक्षण मिळालेलं नाही. पण तुम्ही सांगा, मी ऐकतो."

त्या दिवशी त्याने जात सांगितली. घरमालकाला अजून सांगितलेली नाही. ती लढाई त्याच्या एकट्याची नाही, ती आपल्या सगळ्यांची आहे.

जयभीम!