पायाची नाडी

पुरानी बस्तीत वाढलेल्या माणसाच्या कमरेला वाकायची सवय असते. महामायेच्या देवळात वाकायचं, दूधाधारी मठात वाकायचं, गल्लीत कुणी वडीलधारं भेटलं तर ‘पाँयलागी’ म्हणत वाकायचं. आमच्यासारख्या रायपुरातल्या मराठी घरांत सणावाराला सगळ्यांच्या पाया पडून झाल्याशिवाय पानं मांडली जात नसत. वाकल्यावर बोटं जिथे टेकतात, तिथे पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या हाडांमध्ये, एक धमनी उडत असते. रक्तवाहिन्यांच्या तपासण्या करणं ही माझी नोकरी, त्यामुळे पुढे दिवसभर मी हीच धमनी चाचपत असे. पायाला हात लावायची रीत किती जुनी! पण या पायात रक्त पोचतंय का, हे आकड्यांत विचारायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं.

तोवर विचारणा व्हायची ती मनगटाकडे. वैद्यबुवा आले की पुरुषाचा उजवा हात, बाईचा डावा. अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं टेकवून ते डोळे मिटत. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या शार्ङ्गधरसंहितेत या नाडीच्या चाली सांगितल्या आहेत: वाताची सापासारखी किंवा जळवेसारखी, पित्ताची कावळ्या-बेडकासारखी उडती, कफाची हंसासारखी संथ. नाडीपरीक्षेच्या ग्रंथांत घोट्यापाशी लागणारी गुल्फनाडीही आहे, पण रोजच्या व्यवहारात वैद्याची बोटं मनगटाच्या खाली सहसा उतरली नाहीत. आमच्या काळातही ओढ तीच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर ‘नाडी तरंगिणी’ हे यंत्र बनवलं, २००७ मध्ये त्यावर निबंध वाचला. त्याचे तीन दाबसंवेदकही बसतात मनगटावरच, वात-पित्त-कफाच्या जागी.

आमचं घराणं भोसल्यांबरोबर नागपूरकडून इकडे आलं, असं आजी सांगे. १७४१ मध्ये भास्करपंतांची स्वारी रतनपुरावर आली, १७५८ पासून बिंबाजी भोसले तिथूनच छत्तीसगढचा कारभार पाहू लागले. १८१८ मध्ये कर्नल अ‍ॅग्न्यूने मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला आणलं आणि कारकुनी करणारी, हिशेब लिहिणारी मराठी घरं इथेच मुरली. आमच्या शेजारचं लाखेनगर वामनराव लाख्यांच्या नावाचं. माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर यांनी १९०० च्या जानेवारीत पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं, त्याचे प्रकाशक हे लाखे. त्याच सुमाराला, चार वर्षं आधी, इटलीत रिवा-रोच्ची या डॉक्टरांनी दंडाला रबरी पट्टा बांधून रक्तदाब मोजायची युक्ती काढली होती. पट्टा फुगवायचा, नाडी बोटाला लागेनाशी झाली की पाऱ्याचा आकडा वाचायचा. वरचा दाब कळे, खालचा नाही.

खालचा कळला तो हातापायांच्या काळजीतून, आणि आमच्या धंद्यातली ही मला सगळ्यांत आवडणारी हकिकत आहे. निकोलाय कोरोत्कोव्ह हा रशियन शल्यविशारद. रशिया-जपान युद्धात हातापायांच्या धमन्या फुटलेले जवान त्याच्यासमोर येत. फुटलेली धमनी बांधून टाकली तर रक्त थांबेल, पण खालचा पाय जगेल का? आजूबाजूच्या बारीक वाहिन्या तेवढं रक्त पुरवू शकतील का? याचा अंदाज घेता घेता त्याने पट्ट्याच्या खाली नळी लावून कान दिला. पट्टा सैल होताना आधी शांतता, मग टक् टक्, मग पुन्हा शांतता. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत त्याने हे आवाज सांगितले. आज दवाखान्यात आपण मुकाट्याने दंड पुढे करतो आणि डॉक्टर कानाला नळ्या लावतात, ती पद्धत कुणाचा तरी पाय वाचेल का, या प्रश्नातून जन्मली. ती सगळ्या जगाने उचलली, पण दंडासाठी. पाय पुन्हा राहिला.

आणि आमच्याकडे पाय जात होते. १८९९ च्या दुष्काळानंतर गुजरातेतून जबलपूरकडे आलेल्या काही कुटुंबांनी तेंदूच्या पानात तंबाखू वळून विकायला सुरुवात केली, असं विडीच्या धंद्याचा इतिहास सांगतो. पानं या मुलखातल्या जंगलांची, बंगाल-नागपूर रेल्वे जवळ, घरोघरी वळणाऱ्या बायांचे हात स्वस्त. गोंदियापर्यंत विडीचे कारखाने उभे राहिले. मध्य प्रदेश सरकारने १९६४ मध्ये कायदा करून तेंदूपत्त्याचा व्यापार आपल्या हाती घेतला, इतका तो मोलाचा. लोक त्याला ‘हरा सोना’ म्हणतात. पानं तोडणाऱ्यांना छत्तीसगढ सरकारने ‘चरण पादुका’ योजनेत पायताणं वाटली. ती पानं ओढणाऱ्यांचे पाय मात्र आमच्या तपासणीच्या खोलीत येत.

व्हिएन्नाच्या फॉन विनिवार्टरने १८७९ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या लिओ बर्गरने १९०८ मध्ये वर्णन केलेला बर्गरचा आजार त्यांना जडलेला असे. तरणाबांड माणूस, चाळिशीच्या आतला, मधुमेह नाही, काही नाही. विडी मात्र सुटत नाही. हातापायांच्या बारीक धमन्या सुजतात, आत गुठळी बसते, बोटाचं टोक काळं पडतं. माणूस येऊन म्हणायचा, ‘गोड़ पिराथे.’ पाय दुखतो. रात्री झोप नाही, पाय खाटेवरून खाली सोडून बसतो. खाली सोडला की जरा बरं वाटतं, कारण वजनाच्या ओढीने थोडं रक्त उतरतं. बर्गरच्या नावाची परीक्षाही याच तत्त्वावर: पाय वर उचलून धरायचा, तळवा पांढराफटक पडतो, खाली सोडला की हळूहळू लालजांभळा होतो. रायपूरला वैद्यकीय महाविद्यालय निघालं १९६३ मध्ये. त्याआधी काळा पडलेला पाय घेऊन माणूस नागपूरची गाडी धरायचा आणि पुष्कळदा पाय तिथेच ठेवून यायचा.

पायाला दंडाशेजारी बसवून दोघांना एकच प्रश्न विचारायचं काम अमेरिकेतल्या ट्रॅव्हिस विन्सर यांनी १९५० मध्ये केलं. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब, एवढाच तो हिशेब. निरोगी माणसात घोट्याचा दाब दंडाइतका किंवा थोडा जास्तच भरतो. वाटेत धमनी चोंदली असेल तर कमी. पण घोट्यापाशी कोरोत्कोव्हचे आवाज नीट लागत नाहीत, म्हणून गाडी अडली होती ती ध्वनीने सोडवली. ख्रिस्तिआन डॉपलर या गणिताच्या प्राध्यापकाने १८४२ मध्ये प्रागमध्ये ताऱ्यांच्या रंगांविषयी मांडलेलं तत्त्व जपानच्या सातोमुरांनी १९५० च्या दशकात हृदयावर आणि मग वाहत्या रक्तावर चालवलं. लंडनमध्ये याओ आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये डॉपलर यंत्राने घोट्याचे दाब मोजून कुणाची धमनी किती अडली आहे याच्याशी ते ताडून दाखवले.

हे माझं रोजचं काम, म्हणून नीट सांगते. माणसाला उताणं निजवायचं आणि दहा मिनिटं गप्प पडू द्यायचं. चालत आलेल्या पायाचा आकडा खोटा पडतो. घोट्याच्या वर पट्टा गुंडाळायचा. पावलावर जेलचा थेंब, त्यावर पेन्सिलीएवढा प्रोब, उभा नाही, तिरका धरायचा. दाबायचा नाही, दाबलं की धमनीच मिटते. जरा इकडेतिकडे सरकवलं की स्पीकरमधून आवाज फुटतो. निरोगी धमनीचा आवाज तिपेडी: पुढे एक सणका, मागे एक छोटा, पुन्हा पुढे हलकासा. आजारी धमनी नुसती फुसफुसते. मग पट्टा फुगवायचा, आवाज बंद. सावकाश सोडायचा, आवाज परत येईल तो आकडा. हेच आतल्या घोट्यामागच्या धमनीवर. दोन्हींतला मोठा आकडा घ्यायचा, दोन्ही दंडांतला मोठा घ्यायचा, भागायचं. दंड १४०, घोटा ८४, तर उत्तर ०.६. ०.९ किंवा त्याच्या खाली म्हणजे अडथळा आहे. १.४ च्या वर गेलं तर खूश व्हायचं नाही: जुन्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत चुना भरतो, ती दबतच नाही आणि आकडा फुगतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याला इवलासा पट्टा बांधून तिथला दाब घ्यायचा. अंगठ्याच्या धमन्या सहसा अशा कडक होत नाहीत.

मुंबईने यात स्वतःची वाट काढली. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात गौरी दत्त जिंदाल आणि सहकाऱ्यांनी विद्युतरोधावर चालणारं यंत्र घडवलं. अमेरिकेत नायबोर यांनी १९४० च्या दशकात ही कल्पना मांडली होती. हातापायांतून उच्च वारंवारतेचा इतका सौम्य प्रवाह सोडायचा की माणसाला काही कळत नाही. रक्तातून वीज मांसाहाडांपेक्षा सहज जाते. दर ठोक्याला पायात रक्त शिरलं की रोध किंचित उतरतो, आणि त्या उतरण्याचा आलेख निघतो. पोटरीत किती रक्त आलं आणि हृदयापासून यायला किती उशीर लागला, दोन्ही त्यावरून वाचता येतं. केईएमचे शल्यविशारद परूळकर यांच्यासह या मंडळींनी १९९० मध्ये ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये या पद्धतीची मूलतत्त्वं लिहिली. शरीरात सुई नाही, रंग टोचणं नाही. १९२९ मध्ये लिस्बनच्या दोस सांतोस यांनी पाठीतून थेट महाधमनीत सुई घालून पायांची चित्रं काढली होती, त्यापुढे हे किती सोपं!

मोजून झाल्यावर रक्त वाढवायचं कसं, याच्याही युक्त्या निघत गेल्या. १९२४ मध्ये ब्यूनोस आयर्सच्या हुलिओ दिएस यांनी कमरेतल्या ज्या मज्जातंतूंमुळे धमन्या आवळतात ते कापले. १९४८ मध्ये पॅरिसच्या कुन्लीन यांनी मांडीतली शीर काढून अडथळ्याला वळसा घातला. १९६४ मध्ये पोर्टलंडच्या चार्ल्स डॉटर यांनी पाय कापायला ठाम नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या बाईची धमनी आतून नळी घालून मोकळी केली. त्या शेवटपर्यंत स्वतःच्या दोन पायांवर राहिल्या. बर्गरच्या आजारात वळसा घालायला खाली धड धमनीच उरत नाही, म्हणून आपल्याकडच्या शल्यविशारदांनी पोटातला चरबीचा पडदा लांबवून त्वचेखालून पायापर्यंत नेऊन पाहिला. पण विडी चालू राहिली तर यातलं काहीच टिकत नाही, आणि विडी पुरती सुटली तर बहुतेकांचे पाय वाचतात. याहून खात्रीचा उपाय त्या आजारावर आजही नाही.

म्हाताऱ्यांच्या चोंदलेल्या धमन्यांचा उपाय याहून साधा: चालणं. पोटरी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, कळ गेली की पुन्हा चालायचं. १९६६ मध्ये डेन्मार्कच्या लार्सन आणि लासेन यांनी मोजक्या रुग्णांवर हे नीट तपासून ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. नंतरच्या अभ्यासांतही तेच दिसत आलं, आणि सोबत एक गोष्ट, जी पचायला मला वेळ लागला. काही महिने नेमाने चालणारा माणूस पूर्वीपेक्षा बराच लांब चालू लागतो, पण घोटा-दंडाचा आकडा जवळपास होता तिथेच राहतो. धमनी उघडलेली नसते. आहे त्या रक्तात काम भागवायला स्नायू शिकलेले असतात.

म्हणून आमच्या खोलीत मी आकडा लिहायच्या आधी एक प्रश्न विचारू लागले: थांबावं कुठे लागतं? मीटर कुणी सांगत नसे. महामायेपासून निघालो की लाखेनगर चौकाच्या अलीकडे, असं उत्तर यायचं. ते मी कागदाच्या डोक्यावर लिहायची आणि ०.६ त्याच्या खाली. पुढच्या खेपेला ०.६ तसाच असे. वरची ओळ मात्र चौक ओलांडून गेलेली असली, तर डॉक्टर ऑपरेशनची चिठ्ठी लिहीत नसत.