क्षणभराचा दुष्काळ : कार्ब्युरेटरच्या अडखळण्याची गोष्ट

मोटरसायकलची मूठ एकदम पिळावी आणि गाडीने झेप घेण्याऐवजी क्षणभर मान टाकावी, हा अनुभव जुन्या गाड्या चालवलेल्या पुष्कळांना असेल. गॅरेजमधला मेकॅनिक यालाच ‘गाडी पिकअप घेत नाही’ असे म्हणतो. रोजच्या रस्त्यावर हा दोष आपण चालवून घेतो. मूठ हळू पिळायची सवय लावून घेतली की काम भागते. पण जिथे सगळी शर्यत दहाबारा सेकंदांत आटोपते, तिथे ते अर्ध्या सेकंदाचे अडखळणे हार-जीत ठरवते. अमेरिकेत रुजलेल्या ड्रॅग रेसिंग या खेळात नेमके हेच घडते. हे अडखळणे येते कुठून आणि त्यावर माणसांनी कोणकोणते उपाय शोधले, ते या लेखात पाहू या. विषय यंत्राचा असला, तरी त्यातले विज्ञान शाळेच्या पुस्तकातलेच आहे.

वाफेपासून फवाऱ्यापर्यंत

पेट्रोल द्रवरूपात इंजिनच्या कामाचे नाही. त्याची वाफ हवेत मिसळावी लागते, आणि तीही ठरावीक प्रमाणात. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. जास्तीत जास्त ताकद हवी असेल, तर पेट्रोल थोडे अधिक, म्हणजे १ किलोला साडेबारा ते तेरा किलो हवा, असे मिश्रण उपयोगी पडते. पेट्रोल फार कमी झाले किंवा फार जास्त झाले, तर ठिणगी पडूनही मिश्रण नीट पेट घेत नाही.

कार्ल बेन्झच्या पहिल्या मोटारीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेत आणि जी काही वाफ सोबत येईल ती इंजिनात सोडत. १८८८ मध्ये त्याची पत्नी बर्था बेन्झ मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली, ती याच पद्धतीच्या गाडीतून. वाटेत वीसलॉख गावच्या औषधाच्या दुकानातून तिला इंधन विकत घ्यावे लागले. ही पद्धत चाले, पण मोठ्या इंजिनांना ती पुरेना. तापमान बदलले की वाफेचे प्रमाणही बदले.

१८९३ मध्ये हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी, आणि त्याच वर्षी जर्मनीत विल्हेल्म मायबाखने, वेगळा मार्ग काढला. पेट्रोलची वाफ होण्याची वाट पाहण्याऐवजी त्याचा फवाराच उडवायचा! यामागचे तत्त्व जुने होते. वाहत्या द्रवाचा वेग वाढला की त्याचा दाब कमी होतो, हे डॅनियल बर्नोलीने १७३८ मध्ये मांडले होते. नळी मध्येच अरुंद केली तर तिथे दाब कसा घटतो, याचे प्रयोग इटलीच्या जोव्हानी बातिस्ता व्हेंतुरीने १७९७ मध्ये प्रसिद्ध केले होते. कार्ब्युरेटरमध्ये हवा अशाच अरुंद गळ्यातून जाते. तिथला दाब कमी झाल्यामुळे शेजारच्या टाकीतले पेट्रोल बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, गळ्यात खेचले जाते. हवा जितकी जोरात, तितके पेट्रोल अधिक. टाकीतली पातळी एक तरंगता फ्लोट सांभाळतो.

हलकी हवा, जड पेट्रोल

ही रचना एकसारख्या वेगाने चालताना छान वागते. अडचण येते ती बदलाच्या क्षणी.

समजा, इंजिन मंद चालू आहे. गळ्याखालची झडप जवळजवळ बंद आहे. झडपेपलीकडच्या नळीतला दाब बाहेरच्या हवेच्या एक तृतीयांशाच्या आसपास आहे. आता झडप एकदम पूर्ण उघडली. हवा तत्काळ आत घुसते. पेट्रोल मात्र हवेच्या सुमारे ६०० पट घन आहे. जेटमधल्या पेट्रोलला हलायला, वर चढायला आणि वेग घ्यायला वेळ लागतो. त्यात आणखी एक भर पडते. कमी दाबात पेट्रोलची वाफ सहज होते. झडप उघडताच आतला दाब वाढतो आणि वाफेचा काही भाग पुन्हा द्रव होऊन नळीच्या भिंतींना चिकटतो. म्हणजे जे थोडे पेट्रोल निघाले, तेही वाटेतच अडकते.

परिणाम असा, की ज्या क्षणी इंजिनकडे सर्वांत जास्त मागितले, त्याच क्षणी त्याच्या पोटात नुसती हवा जाते. हा पेट्रोलचा क्षणभराचा दुष्काळ. मिनिटाला ३००० फेरे असतील, तर इंजिनचे एक चक्र ०.०४ सेकंदात पुरे होते. पेट्रोलला फक्त ०.२ सेकंद उशीर झाला, तरी प्रत्येक सिलिंडरची पाच चक्रे उपाशी जातात.

यावर दोन तऱ्हेची उत्तरे निघाली. इंग्लंडमध्ये स्किनर बंधूंनी काढलेल्या आणि पुढे मॉरिसच्या गाड्यांमुळे गाजलेल्या एसयू कार्ब्युरेटरमध्ये गळ्याची रुंदी एका दट्ट्याने आपोआप बदलते. या दट्ट्याला तेलात बुडवलेला अडसर जोडला, की तो एकदम वर उसळू शकत नाही. गळा क्षणभर अरुंदच राहतो, हवेचा वेग टिकतो आणि पेट्रोल जोरात खेचले जाते. अमेरिकी कार्ब्युरेटरवाल्यांनी उलटा विचार केला. हवेला थांबवण्यापेक्षा पेट्रोललाच ढकला! झडपेच्या दांड्याला एक छोटा पंप जोडला, म्हणजे पाय दाबताच पिचकारीसारखी पेट्रोलची धार गळ्यात उडते. १९३०नंतरच्या दशकात फोर्डच्या व्ही-आठ इंजिनवर बसणाऱ्या स्ट्रॉमबर्ग ९७ या कार्ब्युरेटरमध्ये असा पंप होता.

दुष्काळ आणि मागोमाग पूर

कार्ब्युरेटरच्या अडखळण्याने जीवही धोक्यात आले आहेत. १९४० मध्ये ब्रिटनच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांत मर्लिन इंजिन होते आणि त्यावर फ्लोटचा कार्ब्युरेटर. वैमानिकाने विमानाचे नाक झटकन खाली दाबले, की फ्लोटच्या टाकीतले पेट्रोल छताकडे उसळे आणि जेट उघडे पडे. इंजिन पहिला आचका देई. लगेच फ्लोटचा तोल बिघडून टाकीत पेट्रोल बेसुमार घुसे आणि इंजिन काळा धूर ओकत गुदमरे. जर्मन मेसरश्मिट विमानांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडले जाई. त्यामुळे ती बिनधास्त खाली सूर मारून निसटत.

फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेतील बिॲट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी यावर सोपा उपाय काढला : मधोमध मोजून भोक पाडलेली एक लहानशी पितळी चकती. इंजिनला पूर्ण ताकदीवर जितके पेट्रोल लागते, तितकेच त्या भोकातून जाऊ शके. दुष्काळ पूर्ण टळला नाही, पण पूर थांबला. मार्च १९४१ पर्यंत लढाऊ विमानांना ही चकती बसली. शिलिंगबाई स्वतः मोटरसायकलच्या शर्यतपटू होत्या. ब्रुकलंड्सच्या गोल मार्गावर त्यांनी ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने फेरी मारली होती.

पाव मैलाची प्रयोगशाळा

आता ड्रॅग रेसिंगकडे वळू. कॅलिफोर्नियात १९३० च्या दशकापासून तरुण मंडळी जुन्या फोर्ड गाड्या हलक्या करून कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रात पळवीत. युद्धानंतर हा नाद शहरातल्या रस्त्यांवर आला आणि अपघात होऊ लागले. १९५० मध्ये सँटा ॲना येथे विमानाच्या धावपट्टीवर शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय हॉट रॉड संघटना स्थापन केली आणि खेळाला नियम आले. दोन गाड्या, सरळ रस्ता, अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. गाडी थांबलेली असते. दिवा हिरवा झाला, की चालक झडप एका झटक्यात पूर्ण उघडतो. कार्ब्युरेटरची याहून कठीण परीक्षा घेता येणार नाही.

इंजिनची भूक किती, याचा हिशोब मुलांकडून करून घेता येईल. ५.७ लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा ५.७ लिटर हवा घेते. मिनिटाला ७००० फेरे झाले, तर ५.७ × ३५००, म्हणजे सुमारे २०,००० लिटर हवा. वजनात ती २४ किलो होते. साडेबाराने भागले, तर मिनिटाला जवळजवळ २ किलो पेट्रोल! ही भूक भागवायला मोठा कार्ब्युरेटर बसवण्याचा मोह होतो. पण इथे ‘बडा घर पोकळ वासा’ अशी गत होते. गळा रुंद, तर मंद गतीला हवेचा वेग कमी. वेग कमी, तर ओढ कमी. वरच्या गतीला जोरदार असलेली गाडी नेमकी सुरुवातीला मान टाकते.

या मंडळींच्या हाती १९५७ पासून होली कंपनीचा चार गळ्यांचा कार्ब्युरेटर आला. पुढे चारही गळे पायाच्या दाबाने उघडणारे प्रकार निघाले. तेव्हा मागच्या जोडीलाही पिचकारी हवी म्हणून दोन पंपांचा कार्ब्युरेटर तयार झाला. त्यात धार सोडणारे तोंड बदलता येते. त्यावरचा आकडा म्हणजे छिद्राचा व्यास, इंचाच्या हजारांशात. ३१ च्या जागी ३५ बसवला, तर व्यास १३ टक्क्यांनी वाढतो, पण क्षेत्रफळ २७ टक्क्यांनी. पंप दाबणाऱ्या प्लॅस्टिकच्या कॅमचा आकार बदलून धार लवकर किंवा उशिरा, आखूड किंवा लांब करता येते.

खरी गोम पुढे आहे. धार कमी पडली तरी गाडी अडखळते आणि जास्त झाली तरी अडखळते. लक्षण एक, कारणे दोन, तीही परस्परविरुद्ध. मग ओळखायचे कसे? अनुभवी माणसे आधी बाकीच्या शंका मिटवतात. ठिणगीची वेळ बरोबर आहे का, फ्लोटची पातळी ठीक आहे का, कुठून चोरून हवा शिरते आहे का? मग इंजिन बंद ठेवून झडप हलवून पाहतात. झडप हलताच धार सुटली पाहिजे. आधी खेळ आणि मग धार असे होत असेल, तर पंपाच्या दांड्यात ढिलाई आहे, ती काढायची. त्यानंतर गाडी पळवायची. पहिल्याच क्षणी पोकळी जाणवली आणि मग गाडी उसळली, तर धार कमी म्हणून तोंड एक आकडा मोठे. काळ्या धुराचा लोट निघून गाडी जडावली, तर तोंड एक आकडा लहान. प्रत्येक वेळी पहिल्या ६० फुटांना लागलेला वेळ वहीत लिहायचा. आणि मुख्य नियम असा, की एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही. यातल्या बहुतेकांनी प्रयोगशाळेचे तोंड पाहिले नव्हते, पण चल राशी एकेक करून तपासण्याची शिस्त त्यांना घड्याळाने लावली. आपल्या प्रयोगवहीत ती कितपत उतरते, हे आपण शिक्षकांनी स्वतःला विचारायला हवे.

वर्गात करून पाहा

ग्लासात रंगीत पाणी घ्या. एक नळी पाण्यात उभी धरा. तिचे वरचे तोंड पाण्यापासून दोनतीन सेंटिमीटर वर असू द्या. दुसरी नळी आडवी धरून उभ्या नळीच्या तोंडावरून जोरात फुंका. फवारा उडेल. आता मुलांना सांगा, की फवारा सुरू होण्याआधीचा क्षण पाहा. पहिली फुंकर कोरडी जाते. नळीत पाणी चढल्यावरच फवारा येतो. मग एका मुलाला फुंकायला आणि दुसऱ्याला त्याच क्षणी ड्रॉपरने हवेच्या झोतात पाणी सोडायला सांगा. कोरडा क्षण भरून निघतो. कार्ब्युरेटरचा पंप हेच करतो. प्रयोग पाण्यानेच करायचा, पेट्रोल वर्गात आणायचे नाही.

कार्ब्युरेटरचे दिवस आता ओसरले आहेत. या संघटनेच्या प्रो स्टॉक गटाने २०१६ मध्ये तो सोडून पेट्रोलचे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन स्वीकारले. भारतात एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे कडक निकष लागू झाल्यावर नव्या मोटरसायकलींतूनही तो जवळपास गेला. पण नळीच्या भिंतीला चिकटणारे पेट्रोल काही गेलेले नाही. इंजेक्टर नळीत पेट्रोल सोडत असेल, तर मूठ पिळताच गाडीतला संगणक काही क्षण मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. पिचकारीचे काम आता गणिताकडे गेले, इतकेच. आणि ते गणित जुळवणारा माणूसही एका वेळी एकच आकडा बदलतो, गाडी पळवतो आणि वेळ लिहून ठेवतो.